शिट्टीची कवळी

दातवाल्यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या दुकानातून कवळी बसवून बाहेर पडलेला माणूस बोलताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडवत नसे. बाकी अभिमान धरावा असं त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं आणि ते स्वतः तसं कबूलही करत. उंची बेताची, पोट बेताबाहेरचं आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे. हे शेवटचं बोळक्या तोंडाच्या गिऱ्हाइकांना फार खुपायचं. म्हणून दुकानात दातवाले तोंड मिटूनच हसत. पुढे पुढे ती सवय इतकी अंगवळणी पडली, की घरीसुद्धा ते ओठ आवळून, खांदे हलवून हसू लागले. बायको म्हणायची, "अहो, हसताय की कळ आलीय?"

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खुर्ची, आरसा आणि काचेचं कपाट. कपाटात मांडलेल्या नमुन्याच्या कवळ्या दिवसभर रस्त्याकडे बघून दात काढत बसलेल्या. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, एक लहान भट्टी, खिडकीशी एक स्टूल आणि त्या स्टुलावर बारीकराव. मधे जाड कापडाचा पडदा. पडदा धुळीसाठी होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याला वेगळीच नोकरी लागली.

बारीकराव अंगानं चांगले आडवे होते. नाव पडलं ते नजरेवरून. केसाएवढा फरक त्यांना दिसे आणि त्याहून बारीक फरक त्यांना ऐकू येई. गिऱ्हाइकाला धीर देणं, माप घेणं, गोड बोलणं हे दातवाल्यांचं काम. कवळी करायची ती बारीकरावांनी. गिऱ्हाइकांना वाटे सगळं दातवालेच करतात आणि सव्वीस वर्षांत हा गैरसमज दूर करण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती. एकाला नाव मिळत होतं, दुसऱ्याला शांतता.

कवळी पसंत करण्याची त्यांची एक खास रीत होती. आधी गिऱ्हाइकाला निळा कागद चावायला द्यायचा, म्हणजे दात कुठे जास्त टेकतो ते डागावरून दिसतं. मग त्याच्या हातात जुनं वर्तमानपत्र द्यायचं आणि मोठ्यानं वाचायला सांगायचं. पडद्यामागे बारीकराव डोळे मिटून ऐकत आणि तिथूनच सांगत, "पुढच्या दोन दातांच्या मागे जरा जाड राहिलंय." दातवाले कवळी पडद्याआड नेत, बारीकराव कानशीचे दोन हात मारत, कवळी परत तोंडात. पडद्यामागून "आता बरोबर" आलं की काम झालं. त्या दोन शब्दांशिवाय दुकानातून एकही कवळी बाहेर गेली नव्हती.

हे बारीकराव मूळचे नदीपलीकडचे. आईच्या कडेवर बसून पूल ओलांडून आले, त्याला पन्नास वर्षं झाली. शहरात असे पलीकडचे हजारोंनी होते आणि तोवर त्यांची कोणी मोजदाद केली नव्हती, कारण लोकांना मोजायला दुसऱ्या गोष्टी होत्या.

मग त्या गोष्टी संपल्या. आधी पाइपचा कारखाना बंद पडला, मग बँकेनं दारं लावून घेतली, मग सकाळी ज्या नोटेला पाव मिळत होता त्या नोटेला संध्याकाळी पावाचा नुसता वास मिळू लागला. माणूस हात आखडता घेतो तेव्हा सगळ्यात आधी दातांवर पाणी सोडतो. तयार झालेल्या अकरा कवळ्या कोणी न्यायलाच आलं नाही. एक आजोबा दारात उभं राहून म्हणाले, "चावायला काहीतरी आणून द्या, मग दात नेतो."  दातवाल्यांच्या स्वतःच्या बत्तीस दातांनाही त्या दिवसांत विशेष काम नव्हतं.

एका दुपारी बारीकराव स्वतःच म्हणाले, "मालक, दोन माणसं पोसण्याएवढं काम राहिलं नाही. मी बघतो दुसरीकडे."

"दुसरीकडे काय आहे बघायला?" दातवाले चिडलेच. "हे बघा, दुकान आहे तोवर ते स्टूल तुमचं. माझा शब्द आहे."

दातवाल्यांनी आयुष्यात फार शब्द दिले नव्हते. त्यामुळे हा त्यांनी अगदी मनापासून दिला.

त्याच सुमारास समोरच्या चौकात एक गृहस्थ रोज संध्याकाळी फळांच्या रिकाम्या खोक्यावर उभे राहून भाषण करू लागले. बसडेपोतले कारकून, नोकरी गेलेले. वरचे दात कुठल्याशा स्वस्तातल्या ठिकाणी बसवलेले, त्यामुळे प्रत्येक 'स'ला तोंडातून शिट्टी वाजायची. लोकांनी नावही तेच ठेवलं, शिट्टी. त्यांचं एक मंडळ होतं, त्याची खूण कुलूप आणि घोषणा 'दार लावा'. मंडळात तेव्हा ते आणि त्यांचा मेहुणा असे दोघं होते. आपलं सगळं त्या पलीकडच्यांनी खाल्लं, पूल बंद करा, दार लावा, असं ते बेंबीच्या देठापासून ओरडत आणि शेवटी म्हणत, "सगळ्यांचा सत्यानाश केला त्यांनी!" त्या वाक्यासाठी लोक थांबून राहत. एका वाक्यात दोन शिट्ट्या आणि वर फुकट. शहरात एवढी स्वस्त करमणूक दुसरी उरली नव्हती. लोक पोट धरधरून हसत आणि घरी जात.

मागच्या खिडकीतून भाषण स्वच्छ ऐकू येई. दातवाले अवघडून म्हणत, "ऐकताय ना, काय बोलतोय तो?"

"ऐकतोय ना," बारीकराव कपाळाला आठ्या घालून म्हणत. "वरची कवळी पुढून उचलतेय. माप घाईत घेतलेलं दिसतंय. काय लोक काम करतात हो!"

आणि एक दिवस शिट्टी दुकानात आले. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, मंडळाचे सभासद होतील त्या गरीब म्हाताऱ्यांसाठी चाळीस कवळ्या करून हव्यात. खर्चाची काळजी नको, पाइपच्या कारखान्याचे मालक बघतील. कारखाना बंद करून ज्यांनी निम्म्या शहराच्या पोटावर पाय दिला तेच हे मालक. पण शहराचं वाटोळं पलीकडच्यांनी केलं हे शिट्टींचं म्हणणं त्यांना एकदम पटलं होतं, आणि का पटू नये? एक अट होती. आधी शिट्टींची स्वतःची कवळी नीट व्हायला हवी.

घरी दातवाल्यांच्या बायकोनं ताट ठेवता ठेवता निकाल देऊन टाकला. "त्याला दात देऊ नका. लोक हसतायत तोवरच आपलं बरं आहे."

"चाळीस कवळ्या आहेत, चाळीस! बारीकरावांचं स्टूल टिकवायचं की नाही?"

"त्यांच्यावर कशाला ढकलता? तुम्हाला हवंय ते काम."

बारीकराव त्या दिवशी जेवायला होते. ते म्हणाले, "वहिनी, तो काय बोलतो ते सोडा. पण असली कवळी तोंडात घेऊन माणूस हिंडतो, ते मला बघवत नाही." झालं. बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आणखी वाढायला नकार दिला.

कवळी तयार झाली. पसंतीच्या दिवशी दातवाल्यांनी पडदा नीट ओढून घेतला, दोन्ही कडा भिंतीला टेकल्यात ना हे बघितलं. शिट्टींना निळा कागद चावायला दिला. मग जुनं वर्तमानपत्र पुढे केलं. शिट्टींनी ते बाजूला सारलं.

"मी माझंच म्हणतो," ते म्हणाले आणि खुर्चीतून उठून सुरू झाले. "बंधूंनो, ह्या पलीकडच्यांनी आपल्या सगळ्यांचा सत्यानाश केला!"

बारीकशी शिट्टी अजून होती. दातवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागून शांत आवाज आला, "परत म्हणा. 'सत्यानाश' सावकाश म्हणा."

"सत्यानाश."

"टाळूकडून थोडं काढायला हवं. द्या इकडे."

कवळी तीन वेळा आत गेली, तीन वेळा बाहेर आली. पलीकडच्यांना हाकला, ते उंदरांसारखे माजलेत, दार लावा, असं सगळं भाषण बारीकरावांनी डोळे मिटून मन लावून ऐकलं आणि एकेक अक्षर घासूनपुसून साफ केलं. चौथ्या खेपेला 'सत्यानाश' असा बाहेर पडला, की काचेच्या कपाटातल्या कवळ्यासुद्धा गंभीर झाल्यासारख्या वाटल्या.

"आता बरोबर," पडद्यामागून आवाज आला.

"आत कोण असतं?" शिट्टींनी विचारलं.

"कारागीर आहे. धूळ फार होते ना, म्हणून आत," दातवाले म्हणाले.

त्या संध्याकाळी चौकातले लोक हसायच्या तयारीनं जमले आणि हसायला काही मिळेना म्हणून नाइलाजानं ऐकू लागले. महिनाभरात खोक्याच्या जागी मंच आला. चाळीस म्हाताऱ्यांना नवे दात मिळाले आणि अंगात जोर नसला तरी त्यांच्या 'दार लावा'ला चांगली धार आली.

एवढं मोठं गिऱ्हाईक म्हटल्यावर सभेला जाणं भागच होतं. पहिल्यांदा दातवाले धंद्यासाठी गेले. दुसऱ्यांदा मात्र आपणहून गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर ते स्वतःलाच दोष देत होते. वेळीच पैसे बँकेतून काढले नाहीत, वेळीच दुसरा धंदा बघितला नाही, अक्कल कमी पडली. इथे एक माणूस स्वच्छ उच्चारात सांगत होता, की तुमची काही चूक नाही, ती दुसऱ्याची आहे. दमलेले पाय गरम पाण्यात सोडावेत तसं त्यांना वाटलं. पलीकडचे म्हणजे ते तिकडचे, पलीकडचे. बारीकराव त्यात येत नाहीत, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेजारी बसलेल्या बेकरीवाल्यानंही त्याच्या भटारखान्यातल्या माणसाबद्दल तसंच ठरवलं होतं. त्या मैदानावर प्रत्येकाचा असा एकेक माणूस होता आणि सगळे मिळून टाळ्या वाजवत होते.

निवडणूक झाली. मंडळ नगरपालिकेत बसलं. शिट्टींना आता कोणी शिट्टी म्हणेना, सगळे साहेब म्हणू लागले. पंधरा दिवसांत नोटीस निघाली. प्रत्येक दुकानाच्या दारावर कुलपाचं चित्र हवं, आत पलीकडचा माणूस कामाला नको आणि महिनाअखेर पलीकडच्यांनी पूल ओलांडून आपापल्या गावी जावं. बारीकरावांचं गाव कुठलं हे बारीकरावांनाही माहीत नव्हतं.

"मी जातो साहेबांकडे," दातवाले म्हणाले. "त्यांच्या तोंडातली कवळी तुमची आहे. एवढं सांगितलं की झालं. एका वाक्याचं काम आहे."

वाटेत त्यांनी ते वाक्य दहा वेळा घोकलं : साहेब, तुमची कवळी त्यांनी केली आहे. नगरपालिकेत साहेबांच्या खोलीत पाहुणे बसलेले, कारखान्याचे मालकही त्यांत होते. दातवाले आत शिरताच साहेब चक्क उठून उभे राहिले. पुढच्या दातांवर नखानं टकटक करत पाहुण्यांना म्हणाले, "हे पाहा, ह्या हातांनी मला बोलतं केलं! ह्यांच्यासारखा कारागीर सबंध प्रांतात नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दातवाल्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आयुष्यात त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वाक्य घशापर्यंत आलेलं होतं, पण ऐन वेळी दातखीळ बसली ती बसलीच. आता ते म्हणायचं, म्हणजे साहेबांना खोटं पाडायचं, सव्वीस वर्षांच्या स्वतःच्या नावाला खोटं पाडायचं आणि तेही पाहुण्यांदेखत.

"आपली कृपा," ते म्हणाले.

"बोला, काय काम काढलंत?"

"ते... दारावर लावायचं चित्र. आमच्याकडे अजून आलेलं नाही."

साहेबांनी त्यांना त्यातल्या त्यात मोठं चित्र दिलं. ते गुंडाळून काखेत मारून दातवाले घरी आले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"जमलं नाही."

"काय जमलं नाही?"

"बोलायला."

बायकोनं कुलपाचं चित्र उलगडून पाहिलं, परत गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पुलापर्यंत पोचवायला दातवाले गेले. बारीकरावांच्या एका हातात कपड्यांची पेटी, दुसऱ्या हातात कानशींची पिशवी. गर्दी बरीच होती, बेकरीवालाही त्याच्या माणसाला सोडायला आला होता. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही.

"स्टुलाचा एक पाय आखूड आहे," बारीकराव म्हणाले. "खाली पुठ्ठा ठेवत जा, नाहीतर हात हलतो. आणि साहेबांची हिरडी वर्षभरात आकसेल. कवळी पुढून परत उचलायला लागेल. तेव्हा घासू नका हं मालक. आतून भर घाला. घासलंत तर हातची जाईल."

"बारीकराव, मी सांगणार होतो त्यांना," दातवाले म्हणाले. "अगदी सांगणारच होतो."

"माहितीय मला," बारीकराव म्हणाले, आणि ते खरंच तसं समजत होते. दातवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की रांग पुढे सरकली तेव्हा त्यांना मनातून सुटल्यासारखं झालं, आणि त्याची आणखी लाज वाटली.

वर्ष गेलं. धंदा बरा चालला होता, म्हणजे माणसं येत होती. कवळ्या टोचतात म्हणून तीच तीच माणसं परत येत होती. पाव पूर्वीइतकाच महाग होता, कारखानाही बंदच होता. पण आता पलीकडचे कोणी उरले नसल्यामुळे दोष त्यांच्या मित्रांवर ठेवण्यात येत होता.

आणि सांगितल्याप्रमाणे साहेबांची हिरडी आकसली. एके दिवशी दाराशी गाडी आली आणि दातवाल्यांना घेऊन गेली. खोलीचं दार बंद करून साहेब हळूच म्हणाले, "परत वाजायला लागलीय. परवा मोठी सभा आहे." त्यांच्या आवाजात भीती होती. दातवाल्यांना त्या माणसाला भ्यालेलं बघून फार दिवसांनी बरं वाटलं.

त्यांनी निळा कागद चावायला दिला. 'सत्यानाश' म्हणायला लावलं. काय करायचं ते त्यांना चांगलं माहीत होतं, आतून भर घालायची. पण कवळी हातात घेताना त्यांना तो जुना चौक आठवला, फळांचं खोकं आठवलं, पोट धरून हसणारे लोक आठवले. लोक हसत होते तोवर सगळं ठीक होतं. मग परत हसू देत की! त्यांनी आपल्या पिशवीतून कानस काढली आणि टाळूच्या बाजूनं मन लावून घासलं. नको तितकं घासलं.

"झाली ना नीट?"

"उत्तम," दातवाले म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं आधी हातातलं भांडं खाली ठेवलं, मग ती हसली, वर्षभरात पहिल्यांदा. दोन दिवस दातवाले बाजारातून छाती काढून चालत होते.

सभेला मैदान भरलं होतं. चारी कोपऱ्यांत कर्णे लावलेले. दातवाले मुद्दाम मधोमध बसले, हसू कुठून सुरू होतं ते नीट कळावं म्हणून. साहेब उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "सगळ्यांचा सत्यानाश..." चारही कर्ण्यांतून शिट्टी अशी फुटली, की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायला लागली.

दातवाले वाट बघत राहिले. कोणी हसलं नाही. डावीकडच्या बाईनं डोळे पुसले. उजवीकडे नवे दात मिळालेल्या त्या चाळीस म्हाताऱ्यांतले एक आजोबा होते. पूर्वी खोक्यापुढे हेच आजोबा सगळ्यात मोठ्यानं हसायचे. ते आता कानामागे हात धरून, भक्तिभावानं ऐकत होते. दुसरी शिट्टी वाजली, तिसरी वाजली. दातवाल्यांच्या पोटातून हसू वर आलं, ओठांपर्यंत आलं. आजोबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. दातवाल्यांनी सवयीप्रमाणे तोंड मिटून घेतलं. खांदे तेवढे हलले, म्हणून ते रडतायत असं समजून आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले तेव्हा दातवालेही उभे राहिले आणि त्यांनीही वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात दुकानात एक नवं गिऱ्हाईक आलं, नगरपालिकेतला अधिकारी, चेहऱ्यावर बढतीचं तेज. वरचे दात करायचे होते.

"साहेबांसारखे हवेत," तो म्हणाला. "म्हणजे बोलताना 'स'ला जरा... ते साहेबांचं येतं ना, तसं यायला हवं. हल्ली आमच्या ऑफिसात बरेच जण तसंच बोलतात, पण त्यांचं नुसतं ओठांनी आहे. मला पक्कं हवंय."

दातवाल्यांनी माप घेतलं, घाईघाईनं. मागच्या खोलीत खिडकीशी स्टुलावर बसून एकट्यानंच कवळी केली. पायाखाली पुठ्ठा ठेवायचा राहिला होता, त्यामुळे स्टूल डुगडुगत होतं आणि हात हलत होता. पण असलं काम त्यांना कोणाच्या मदतीशिवाय छान जमत होतं.

अधिकाऱ्यानं कवळी बसवली, आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सत्यानाश." शिट्टी पहिल्याच खेपेला अगदी स्वच्छ वाजली. तो खूश होऊन दातवाल्यांकडे वळला.

दातवाले पडद्याकडे बघत थांबले होते. सव्वीस वर्षांची सवय. आतून कोणी काही म्हणालं नाही. मग त्यांनी स्वतःच घसा साफ केला आणि म्हटलं, "आता बरोबर."